घेल गावचे पाहुणे



घरातले माणूस वेडे झाले तर त्याचे काय करावे, हा प्रश्न मनुष्याच्या संसाराइतकाच जुना आहे. निरनिराळ्या देशांनी त्याची जी उत्तरे दिली ती पाहू गेल्यास सामान्यतः तीन प्रकारांत बसतात. माणसाला घरातच मागच्या खोलीत कोंडून ठेवावयाचे, हे एक. त्याला वाऱ्यावर सोडून द्यावयाचे, हे दुसरे. आणि सरकारने बांधलेल्या उंच भिंतीआड नेऊन पोहोचवावयाचे व हळूहळू विसरावयाचे, हे तिसरे. हा तिसरा प्रकार आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की, ठाणे आणि येरवडा ही नुसती गावांची नावे राहिली नाहीत. 'तुला ठाण्याला पाठवला पाहिजे' हे वाक्य आपण चहा पिता पिता थट्टेने बोलतो आणि त्यात काही बोललो असे आपल्याला वाटतही नाही.

बेल्जम देशातील एका गावाने या प्रश्नाचे चौथे उत्तर दिले. ते कोणा तत्त्ववेत्त्याने सुचविलेले नव्हते, कोणा राजाने फर्माविलेले नव्हते, आणि वैद्यकशास्त्राने तर ते पुष्कळ काळ अमान्यच केले होते. तरीही ते सातशे वर्षे टिकले. मनोरुग्णांचे पुनर्वसन समाजातच झाले पाहिजे असे आज जगभर सांगितले जाते. तेव्हा ज्या एका ठिकाणी ते खरोखर इतका दीर्घ काळ होत आले, तेथे ते कशाच्या बळावर झाले हे नीट तपासून पाहिले पाहिजे. आजच्या व्याख्यानाचा विषय तेवढाच आहे.

गावाचे नाव घेल. तेथील लोक त्याचा उच्चार 'खेल' असा काहीसा घशातून करतात. परंतु आपल्या कानाला त्यात भलताच अर्थ ऐकू येईल म्हणून मी घेल म्हणतो. अँटवर्प शहराच्या पूर्वेस केंपेन नावाचा रेताड प्रदेश आहे, त्यात हे गाव वसले आहे. जमीन निकस, सभोवती माळरान, आणि लहान लहान शेतकऱ्यांची विखुरलेली घरे, असे त्याचे जुने स्वरूप होते. ही निकस जमीन ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

प्रारंभ एका दंतकथेपासून होतो. सातव्या शतकाच्या सुमारास आयर्लंडात एक राजा होता. त्याची राणी वारली आणि त्या दुःखाने त्याची बुद्धी फिरली. राणीसारखीच दिसणारी स्त्री हवी म्हणून शोध चालला, आणि अखेर त्याची दृष्टी स्वतःच्याच मुलीवर गेली. तिचे नाव डिंफ्ना. ती आपल्या वृद्ध धर्मगुरूला सोबत घेऊन समुद्रापार पळाली व घेलच्या माळावर येऊन राहिली. वाटेत त्यांनी दिलेल्या परदेशी नाण्यांवरून राजाच्या माणसांनी माग काढला. धर्मगुरूला ठार मारण्यात आले. आणि परत येण्यास नकार देणाऱ्या मुलीचा शिरच्छेद बापाने स्वतःच्या हाताने केला. ही कथा लिहून निघाली ती तेराव्या शतकात, म्हणजे सहाशे वर्षांनंतर, आणि तीही लोकांच्या तोंडून ऐकून. इतिहास म्हणून तिला किंमत देता येत नाही. पण तिच्यात एक गोष्ट मला मोठी विलक्षण वाटते. वेड्यांची कैवारी म्हणून जिची पूजा सुरू झाली ती स्वतः वेडी नव्हती. वेड्याच्या हातून मेलेली ती मुलगी होती. जिला त्या आजाराचा सर्वांत मोठा घाव बसला, तिच्याकडेच लोक त्या आजाराचे माणूस घेऊन जाऊ लागले.

तिच्या समाधीस्थानी आजचे मोठे चर्च बांधावयास १३४९ मध्ये आरंभ झाला. दूरदूरचे लोक आपापले रुग्ण घेऊन तेथे येत. नऊ दिवसांचा नेम असे; प्रार्थना, उपवास, आणि उंचावर ठेवलेल्या समाधिपेटीच्या खालून रांगत जाणे, असे त्यातले विधी असत. १४८० मध्ये चर्चला लागूनच रुग्णांसाठी एक घर बांधण्यात आले. आपल्यापैकी ज्यांनी गाणगापूर पाहिले आहे त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. बाधा झालेले माणूस, त्याला धरून आणलेले थकलेले नातलग, ठराविक दिवसांचा नेम, आणि तो संपला तरी उतार नाही म्हणून लांबत गेलेला मुक्काम, हे सर्व तसेच.

येथवर घेलमध्ये वेगळे असे काही नाही. अशी क्षेत्रे युरोपात आणि आपल्याकडे कितीतरी होती. वेगळेपण आले ते गर्दीमुळे. चर्चशेजारच्या घरात जागा अपुरी पडू लागली, तेव्हा नेमाची पाळी येईपर्यंत रुग्णाने गावातल्या एखाद्या घरी राहावे अशी सोय निघाली. पंढरपुरात आषाढीला वारकरी घरोघर उतरतात, तसेच हे झाले. फरक असा की वारकरी एकादशी झाली, काला झाला की परततो; घेलचा यात्रेकरू पुष्कळदा परतत नसे. नेम पुरा होऊनही गुण आला नाही, तर नातलग त्याला ज्या घरी तो उतरला होता तेथेच ठेवून, घरधन्याला त्याच्या जेवणाखाण्याचे पैसे लावून देऊन आपल्या गावी जात. काही वेळा पुन्हा नेम करावयाचा म्हणून. काही वेळा, खरे सांगावयाचे तर, सुटलो बुवा म्हणून. अशा रीतीने पाहुणा घरातला झाला. त्यांच्या भाषेत त्याला जे नाव आहे त्याचा अर्थ 'पैसे देऊन घरी जेवून-राहणारा' एवढाच होतो. रुग्ण नव्हे, वेडा नव्हे. आपल्याकडे पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. त्यांना आपण भिकारी म्हणत नव्हतो आणि घरचे लेकरूही म्हणत नव्हतो, त्यांच्यासाठी एक तिसरेच, सर्वांना ठाऊक असलेले स्थान होते. घेलच्या पाहुण्याचे स्थान तशाच जातीचे होते.

आता त्या निकस जमिनीकडे वळतो. घेलच्या शेतकऱ्याला दोन गोष्टींची वाण होती: रोख पैशाची आणि हातांची. पाहुण्यामुळे थोडा का होईना नियमित पैसा घरात येई. शिवाय जो पाहुणा कामाजोगा असे तो बटाटे काढी, गुरे पाही, पाणी भरी, लहान मुलाला खेळवी. यावरून टीकाकारांनी म्हटले, की हा सर्व दयेचा देखावा असून आत व्यवहार आहे. मला या आक्षेपात दम दिसत नाही. व्यवहार होता म्हणूनच तो टिकला. नुसत्या दयेवर चाललेली कामे दया करणाऱ्याच्या एका पिढीत संपतात. येथे आईबापांनी सांभाळलेला पाहुणा त्यांच्या मागे मुलाकडे, आणि मुलाकडून नातवाकडे, शेतवाडीबरोबर वारशाने जावा तसा जात असे. अशी घराणी तेथे अनेक होती.

मात्र हे सर्व नंदनवन होते असेही कोणी समजू नये. १७९० नंतरच्या दशकात फ्रेंच राज्यक्रांतीच्या सैन्याने हा प्रदेश व्यापला, चर्चची सत्ता गेली, तरी घराघरांतील पाहुणे होते तेथेच राहिले. इतकेच नव्हे, तर ब्रसेल्सचा प्रांताधिकारी पोंतेकुलां याने १८०३ मध्ये आपल्या शहरातील घाणेरड्या कोठड्यांत कोंडलेले वेडे उचलून घेलला धाडले. यात त्याचा काटकसरीचाही हिशेब होता. देवीच्या नावाने सुरू झालेली वहिवाट अशा रीतीने प्रथमच सरकारी कामी लागली. पुढे १८२१ मध्ये पॅरिसचा सुप्रसिद्ध मनोवैद्य एस्किरोल घेल पाहावयास गेला. त्या वेळी तेथे चार-पाचशे रुग्ण होते. ते शेतांतून आणि रस्त्यांतून मोकळे फिरताना त्याने पाहिले. आणि त्यांतील काहींच्या पायांत लोखंडी बेड्याही पाहिल्या. पळून जाऊ नये म्हणून घातलेल्या. बेडीने घोटा सोलवटलेला माणूस मोकळ्या आभाळाखाली हिंडतो आहे, हे चित्र घेलच्या स्तुतिपाठकांनी पुढे सोयीस्करपणे वगळले. ते वगळता कामा नये. गावाच्या हाती रुग्ण होता, परंतु गावाच्या पाठीशी कोणीही नव्हते. देखरेख नाही, वैद्य नाही, पळाला तर जबाबदार घरधनी. अशा वेळी भला माणूसही बेडीच शोधतो.

हे बदलले १८५० मध्ये. बेल्जम स्वतंत्र होऊन वीस वर्षे झाली होती. त्या वर्षीच्या कायद्याने घेलची वसाहत सरकारने आपल्या देखरेखीखाली घेतली. पारिगो नावाचा डॉक्टर तेथे वैद्यकीय निरीक्षक म्हणून आला आणि 'मोकळी हवा व कौटुंबिक जीवन' यांचा तो मोठा पुरस्कर्ता झाला. त्याच्यानंतर बुलकेन्स आला. त्याच्या कारकीर्दीत, १८६२ मध्ये, गावाच्या कडेला एक इस्पितळ उभे राहिले. ते लहान होते आणि लहानच असावयाचे होते. नवा रुग्ण आला की प्रथम काही दिवस तेथे राही. त्याचा स्वभाव, त्याच्या खोडी, त्याला काय आवडते व कशाने तो बिथरतो, हे पाहिल्यावर मग त्याच्यासाठी घर निवडण्यात येई. गावाचे विभाग पाडले होते. प्रत्येक विभागाला डॉक्टर आणि घरोघर फिरणारे पहारेकरी-परिचारक होते. कोणाच्या घरी किती रुग्ण ठेवावयाचे याला मर्यादा होती; खोली कशी असावी, याचे नियम होते; गुत्तेवाल्याने पाहुण्याला दारू देऊ नये असा हुकूम होता. जे स्वतःच्या वा दुसऱ्याच्या जिवावर उठणारे असतील त्यांना वसाहतीत घेत नसत. रुग्ण बिघडला किंवा घरधनीण आजारी पडली, तर काही दिवसांपुरते त्याला इस्पितळात परत आणता येई. तेव्हा घेलमधील घर एकटे नव्हते. त्याच्या मागे एक दार होते, आणि ते अडीअडचणीला उघडत असे. माझ्या मते घेलच्या यशाचे अर्धे रहस्य त्या दारात आहे.

याच सुमारास युरोपात मनोवैद्यांमध्ये घेलवरून मोठा वाद माजला. त्या काळी सर्वत्र मोठमोठी वेड्यांची इस्पितळे बांधली जात होती; ती बांधणाऱ्या व चालविणाऱ्या डॉक्टरांना घेल हा आपल्या शास्त्राचा उपमर्द वाटला. अडाणी शेतकऱ्याच्या हाती रुग्ण देणे म्हणजे उपचार सोडून देणे, असे ते म्हणत. बेल्जममधलाच थोर मनोवैद्य गिस्लां हाही घेलविषयी प्रतिकूल होता. पॅरिसच्या वैद्यकीय-मानसशास्त्रीय मंडळात १८६० पासून दोन वर्षे यावर चर्चा होऊन चौकशीसाठी एक समितीही नेमली गेली. या वादात रुग्णांना कोणी विचारले नाही, हे त्या काळाला धरूनच झाले. पण हळूहळू वारे फिरले, आणि १९०२ मध्ये अँटवर्प येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने घेलच्या पद्धतीची वाखाणणी केली. मध्यंतरी एक लहानशी गोष्ट घडली ती सांगण्यासारखी आहे. व्हिन्सेंट व्हॅन गॉग तेव्हा चित्रकार म्हणून नावारूपाला आला नव्हता. त्याच्या विक्षिप्त वागण्याने त्रासलेल्या वडिलांनी १८८० मध्ये त्याला घेलला पाठवावयाचे मनात आणले होते. तो गेला नाही. शेजारच्या हॉलंडात 'मुलाला घेलला पाठवू का?' हा विचार एखाद्या पाद्र्याच्या घरी सहज होत होता, एवढेच यावरून ध्यानात यावे.

घेलच्या पद्धतीचे अनुकरण झाले का? थोडेफार झाले. बेल्जममध्येच फ्रेंच भाषिकांसाठी लिर्नो येथे १८८४ मध्ये, आणि फ्रान्समध्ये दुं-स्यूर-ओरों येथे पुढच्या दशकात वसाहती निघाल्या. स्कॉटलंडात १८५७ च्या कायद्यानंतर खेड्यातील कुटुंबांत रुग्ण ठेवण्याची पद्धत बरीच रुजली. आणि अनुकरणाचा काहीही संबंध नसता जपानात क्योटोजवळ इवाकुरा येथे जवळजवळ हाच प्रकार आपोआप निर्माण झाला होता. तेथेही मंदिर, तेथेही पवित्र पाणी, तेथेही एका वेड्या राजकन्येची कथा, आणि तेथेही शेतकऱ्यांच्या घरी राहिलेले रुग्ण. एकमेकांचे नावही न ऐकलेल्या दोन गावांनी एकच युक्ती काढली. इवाकुराची वहिवाट दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मोडली. घेलची त्या महायुद्धाच्या आधी कळसाला पोहोचली होती: १९३८ मध्ये तेथील पाहुण्यांची संख्या ३,७३६ होती, आणि गावची वस्ती तेव्हा वीस हजारांच्या आतलीच होती. रस्त्यात भेटणाऱ्या माणसांपैकी कोण रुग्ण व कोण गावकरी हे परक्याला ओळखता येत नसे, असे प्रवासी लिहून ठेवीत.

या घरांतून प्रत्यक्ष काय चालते, याविषयी अमेरिकेच्या कोलंबिया विद्यापीठाने १९६६ पासून जवळजवळ दहा वर्षे तेथे पाहणी केली, आणि रोझेन्स या बेल्जन मानवशास्त्रज्ञाने ग्रंथ लिहिले. त्यांतून दिसते ते असे. घरातल्या बाईला रुग्णाच्या रोगाचे नाव बहुधा सांगितले जात नाही, आणि तिला ते नको असते. तिला ठाऊक असते ते हे, की हा सकाळी कोणाशी बोलत नाही, त्याला कॉफी द्यावी आणि गप्प बसावे. एका घरची हकीगत अलीकडे सांगण्यात आली. पाहुणा रोज सदऱ्याची सर्व बटणे पिळून पिळून तोडी. घरधनीण रोज रात्री ती पुन्हा शिवी. ऐकणाऱ्याने सुचविले, की मासे धरावयाच्या चिवट दोऱ्याने का शिवत नाही, म्हणजे तुटणार नाहीत. ती बाई म्हणाली, तसे करणे फार वाईट. त्याला बटणे पिळावयास हवी असतात. श्रोतेहो, हे उत्तर कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडावयाचे नाही. बरे करण्याचा ध्यास तिला नाही. तो आहे तसा आहे, आणि बटणे स्वस्त आहेत.

याच पाहणीतून दुसरी बाजूही पुढे आली. घरात पाहुणा घरचा असला तरी गावात त्याचे स्थान बरोबरीचे नव्हते. त्याच्याशी लोक सौजन्याने वागत, पण एखाद्या वयस्क मुलाशी वागावे तसे. ही मर्यादा मान्य केली पाहिजे. माझा प्रश्न एवढाच, की भिंतीआडच्या माणसाला यापेक्षा अधिक काय मिळत होते?

या भिंती पाडण्याचे युग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आले, आणि घेलपासून काय शिकावयाचे होते व काय शिकले गेले नाही, हे तेथे स्वच्छ दिसते. अमेरिकेत १९५५ मध्ये सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक माणसे होती. नवी औषधे निघाली होती. १९६३ मध्ये अध्यक्ष केनेडी यांनी समाजातच उपचारकेंद्रे उघडण्याच्या कायद्यावर सही केली. इस्पितळे रिकामी झाली खरी. पण केंद्रे योजली होती तितकी उघडलीच नाहीत. हजारो माणसे फूटपाथवर आणि तुरुंगात जाऊन पोहोचली. याउलट इटलीत ट्रिएस्ट शहरी बझालिया व त्याच्या सहकाऱ्यांनी १९७० नंतरच्या दशकात इस्पितळ बंद करताना वस्तीवस्तीत रात्रंदिवस उघडी केंद्रे काढली, आणि १९७८ च्या कायद्यानंतरही ती चालू ठेवली. दोन्हीकडे भिंत पाडली. एकीकडे घराच्या मागचे ते दार बांधले, दुसरीकडे बांधले नाही.

आता आपल्या देशाकडे येऊ. येथे एक उलटाच प्रकार आहे. आपल्याकडील बहुसंख्य मनोरुग्ण आजही घरीच आहेत, पूर्वीही घरीच होते. १८५८ चे व १९१२ चे वेड्यांविषयीचे कायदे, ठाण्याचे १९०१ मध्ये उघडलेले इस्पितळ, नागपूर, रत्नागिरी, येरवडा, यांत मिळून सामावणारी माणसे ती किती! १९८७ चा कायदाही मुख्यतः इस्पितळाचाच विचार करीत होता. राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी २०१५-१६ मध्ये झाली, तिच्यात आजारानुसार शेकडा ७० ते ९२ रुग्णांना कोणताही उपचार मिळत नाही असे आढळले. ही सर्व माणसे कोठे आहेत? आपल्या माजघरात, ओसरीवर, गोठ्याशेजारच्या खोलीत. म्हणजे घरात रुग्ण ठेवण्याच्या बाबतीत हिंदुस्थान हे एक अवाढव्य घेल आहे. मात्र पैसा देणारा कोणी नाही, घरोघर फिरणारा परिचारक नाही, चार दिवस रुग्णाला ठेवून घेऊन घरच्या बाईला विसावा देणारे ते लहान इस्पितळ नाही. एस्किरोलने १८२१ मध्ये पाहिलेल्या घेलशी हे अधिक जुळते, बेडीसकट.

ही बेडी कोठवर नेते, ते तामिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे दिसले. तेथील दर्ग्याच्या परिसरात, गुण येईल या आशेने आणलेल्या रुग्णांना ठेवणारी खाजगी निवासस्थाने होती. त्यांपैकी एका झापाच्या शेडला आग लागली. रुग्ण साखळीने बांधलेले होते. २८ माणसे जळून मेली. दैवताकडे आणलेला रुग्ण, लांबलेला मुक्काम, जेवणाखाण्याचे पैसे घेणारा यजमान, या सर्व गोष्टी घेलप्रमाणेच येथेही होत्या. घरात राहणे तेवढे नव्हते, आणि कोणी येऊन पाहणारे नव्हते.

याचा अर्थ आपल्याकडे कोणाला काही सुचलेच नाही असा नव्हे. अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्यासागर यांनी १९५० नंतरच्या दशकात एक साधी गोष्ट केली. रुग्णालय तुडुंब भरले होते. त्यांनी आवारात तंबू ठोकले आणि रुग्णाबरोबर नातलगांनाही तेथे राहावयास सांगितले. नातलग सेवा करीत, उपचार पाहत, डॉक्टरांचे रोजचे बोलणे ऐकत. आणि काही आठवड्यांनी रुग्णाला घेऊन घरी जाताना ते आजाराला पूर्वीइतके भीत नसत. नाइलाजाने निघालेली ही युक्ती पुढे जगभर नावाजली गेली. जागेच्या टंचाईतून चांगली वहिवाट निघाल्याचे हे आपले उदाहरण. त्यानंतर १९७५ मध्ये बंगलोरजवळ सकलवाडा येथे आणि हरियाणात रायपूर राणी येथे खेड्यांतील आरोग्यसेवकांनाच मनोरुग्ण ओळखावयास व त्यांच्याकडे लक्ष द्यावयास शिकविण्याचे प्रयोग झाले. त्यांतून १९८२ चा राष्ट्रीय कार्यक्रम आणि, बळ्ळारी जिल्ह्यातील अनुभवाच्या आधारे, १९९६ चा जिल्हा कार्यक्रम निघाला. कागदावर तो उत्तम आहे; किती जिल्ह्यांत तो कागदाबाहेर आला, हे श्रोत्यांनी आपापल्या जिल्ह्यापुरते स्वतःच पाहावे.

आपल्या अगदी जवळचा दाखला साताऱ्याचा आहे. सातारा, गोवा आणि तामिळनाडूतील एक भाग अशा तीन ठिकाणी स्किझोफ्रेनियाच्या २८२ रुग्णांवर एक पद्धतशीर अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. त्यांत काही रुग्णांना फक्त दवाखान्यातील उपचार दिले, आणि काहींना त्याच्या जोडीला घरी येणारा एक कार्यकर्ता दिला. हा कार्यकर्ता डॉक्टर नव्हता. त्याच भागातला, बेताचे शिक्षण झालेला, काही आठवडे शिकवून तयार केलेला माणूस होता. तो औषधाची चौकशी करी, घरच्यांना आजार समजावून सांगी, रुग्णाला अंघोळीपासून बाजारहाटापर्यंत एकेक काम पुन्हा करावयास उद्युक्त करी. वर्षाअखेर दुसऱ्या गटातील रुग्णांची लक्षणे आणि अपंगत्व पहिल्यापेक्षा कमी झालेले दिसले. फरक माफक होता, हे अभ्यासकांनी स्वतःच स्पष्ट लिहिले आहे. चमत्काराच्या बातम्यांपेक्षा असा माफक फरक मला अधिक विश्वसनीय वाटतो. घेलमधील त्या फिरत्या परिचारकाचा हा दीडशे वर्षांनंतरचा भाऊबंदच होय.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ पासून अमलात आहे. त्याने साखळीने बांधणे निषिद्ध ठरविले, आणि मनोरुग्णाला समाजात राहण्याचा हक्क आहे, केवळ घर नाही किंवा घरचे घेत नाहीत एवढ्याचसाठी त्याला रुग्णालयात ठेवून देता येणार नाही, असे स्पष्ट सांगितले. हक्क मिळाला, घर कोठले, हा प्रश्न राहिला. कारण आपल्याकडील आईबापांना रात्री झोप लागू न देणारा प्रश्न औषधाचा नसतो. 'आम्ही आहोत तोवर ठीक. आमच्या मागे याचे कोण?' हा असतो. सत्तरीची आई चाळिशीच्या मुलाला भरवून मग स्वतः जेवावयास बसते, तेव्हा तिच्या डोक्यात दुसरे काही नसते. भाऊ आहे, पण त्याचा संसार आहे. बहीण आहे, पण ती परघरची. घेलमध्ये या प्रश्नाला उत्तर होते, आणि ते भावनेचे नसून रिवाजाचे होते: घरधनीण गेली की पाहुणा तिच्या लेकीकडे.

ते उत्तर आज घेलमध्येही पुरेसे राहिलेले नाही, हे सांगितले पाहिजे. शेते गेली, कारखाने आले. घरची बाई नोकरीला जाऊ लागली, दिवसा घरी कोणी नसते. नव्या औषधांमुळे पुष्कळ रुग्ण स्वतंत्र राहू शकतात, ही त्यातली चांगली बाजू. २००० नंतर पाच-सहा वर्षे पाहुण्यांची संख्या पाचशेच्या आसपास होती. अलीकडे ती दोनशेच्या खाली गेली आहे. युनेस्कोने २०२३ मध्ये घेलच्या या परंपरेची जतन करण्याजोगी सत्प्रथा म्हणून नोंद केली. एखाद्या गोष्टीचे जतन करावे असे जगाला केव्हा वाटू लागते, ते आपण जाणतोच.

आपल्याकडे मात्र उलट दिशेने काही पावले पडत आहेत. चेन्नईच्या 'बनियन' या संस्थेने, जिला रस्त्यावर सापडलेल्या निराधार मनोरुग्ण स्त्रियांच्या सेवेचा १९९३ पासूनचा अनुभव आहे, २०१५ मध्ये एक नवी रीत सुरू केली. ज्यांचे घर सापडत नाही किंवा सापडूनही घेत नाही, अशा चार-पाच जणींनी मिळून साध्या वस्तीत भाड्याच्या घरात राहावयाचे. मदतीला एखादी कार्यकर्ती, आणि गरज पडल्यास मागे इस्पितळ. यांतील कित्येक स्त्रियांनी त्यापूर्वी वर्षानुवर्षे रांगेत उभे राहून ताटात पडेल ते खाल्ले होते. या घरांत जेवण भटारखान्यातून येत नाही. बाजारात जाऊन आज भाजी कोणती आणावयाची, यावर त्या आपसांत भांडतात, आणि मग ठरवतात.